अकरावीत विषय आधी, कॉलेज नंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे कट-ऑफ. कोणत्या कॉलेजची यादी कितीला बंद झाली, पहिल्या फेरीत नंबर लागेल का, अनुदानित तुकडी मिळेल का, यावर पंधरा-पंधरा दिवस खल होतो. विषय कोणते घ्यायचे हे मात्र प्रवेश निश्चित करायला गेल्यावर खिडकीपाशी, फॉर्मच्या एका रकान्यात, मागे रांग उभी असताना पाच मिनिटांत ठरतं. शेजारच्या मुलाने काय लिहिलं ते पाहून लिहिणारेही कमी नाहीत. दोन वर्षांनी पदवीचे अर्ज भरायची वेळ येते तेव्हा कोणी कॉलेजचं नाव विचारत नाही, तो रकाना विचारतात. म्हणून पालकांच्या आणि दहावीच्या मुलांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आपल्या पत्रामार्फत मांडत आहोत.

२०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरती होती. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या अनेक घरांना हे प्रकरण नवं आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. पोर्टलवर तुम्हाला कॉलेज आणि शाखा मिळते. सायन्समध्ये बायोलॉजी की आयटी, कॉमर्समध्ये गणित की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस), दुसरी भाषा मराठी की हिंदी, हे कॉलेजात ठरतं, आणि कॉलेजात जे विषय शिकवायला शिक्षक आहेत तेवढेच मिळतात. आर्ट्सला गणित किंवा मानसशास्त्र, कॉमर्सला गणिताची तुकडी, सायन्सला जिऑलॉजी, हे सगळं मंडळाच्या यादीत आहे म्हणून प्रत्येक कॉलेजात असतंच असं नाही. तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी त्यात टाकायच्या दहा कॉलेजांना फोन करून किंवा माहितीपुस्तिका पाहून हवा तो विषय तिथे आहे का, त्या विषयाला किती जागा आहेत आणि मुलं कमी आली तर तुकडी रद्द होते का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. हे दहा फोन निकालाआधीच, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करून टाकावेत.

आता विषयांचं गणित पाहू. बारावीला शंभर-शंभर गुणांचे सहा विषय, एकूण ६०० गुण. इंग्रजी सक्तीचं. सायन्सच्या मुलाने फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी असे चारही घेतले की इंग्रजी धरून पाच झाले. सहावा विषय म्हणजे दुसरी भाषा किंवा आयटीसारखा एखादा. बायफोकल घेतलं, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स यांपैकी काही, तर ते २०० गुणांचं असतं आणि दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतं. याचा अर्थ बायफोकल आणि चारही शास्त्र विषय एकत्र बसत नाहीत. गणितासह बायफोकल घेणाऱ्याची बायोलॉजी सुटते. ही साधी बेरीज बऱ्याच जणांना ऑगस्टमध्ये कळते, आणि तोवर बायोलॉजीच्या तुकड्या भरलेल्या असतात.

गणित सोडणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा निर्णय आहे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला बारावीत फिजिक्स आणि गणित हवंच; तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी, तांत्रिक विषय यांपैकी चालतो, आणि या तिन्हींची बेरीज ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गासाठी ४० टक्के, लागते. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि गणित लागतं. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) लष्कर शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे तिन्ही हवेत. शिवाय परीक्षेत गणिताचा पेपर ३०० गुणांचा आहे, त्यामुळे आर्ट्स घेऊन लष्करात जायचं म्हणणाऱ्यानेही गणिताशी संबंध तोडून चालत नाही. मर्चंट नेव्हीच्या पदवीला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात, ६० टक्के विचारतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी अशा अभ्यासक्रमांना अनेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात. 'डॉक्टर व्हायचंय, गणित कशाला?' म्हणून अकरावीत फक्त पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेणाऱ्याने नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हुकल्यावर आपल्यापुढे काय उरतं, याची यादी आधी करावी. यादी लहान नसते. फार्मसी, कृषी, बायोटेक्नॉलॉजी, बीएस्सी हे सगळं त्यात येतं. पण ती आपल्याला पसंत आहे का, हे अकरावीतच ठरलेलं बरं.

उलट बाजूही सांगायला हवी. गणित ठेवून बायोलॉजी सोडलेल्याला मागे फिरायला वाट आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये स्पष्ट केलं की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही नीटला पात्र आहे. आपल्या मंडळात बारावी झाल्यावर एखादा विषय 'आयसोलेटेड', म्हणजे सुटा, म्हणून देता येतो. प्रॅक्टिकल मात्र टळत नाही. बायोलॉजीत ७० गुण लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे असल्याने ते करून घेणारं कॉलेज आधी शोधावं लागतं. वाट आहे, पण त्यात वर्ष जातं.

चारही विषय ठेवा, सगळ्या वाटा उघड्या राहतात, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते तो अकरावीच्या पहिल्या सहामाहीपुरताच खरा आहे. पीसीएमबीच्या मुलाला तीन प्रॅक्टिकलचे विषय, गणिताचा रोजचा सराव आणि बायोलॉजीचं पाठांतर असं सगळं एका आठवड्यात बसवावं लागतं. जेईई (आयआयटी-एनआयटीसारख्या इंजिनिअरिंग संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि नीट दोन्हींच्या मागे लागलेला मुलगा बहुतेक वेळा दोन्हींत अर्धा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत निर्णय घ्यावा आणि विषय बदलायचा असेल तर अकरावीतच कॉलेजकडे अर्ज करावा. बारावीचे परीक्षा अर्ज मंडळाकडे गेल्यावर कोणी ऐकून घेत नाही. ज्यांना मूलभूत विज्ञानात जायचंय त्यांचं वेगळं आहे. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, एकूण २४० गुण. पात्रतेला यांपैकी तीन विषय पुरतात, पण पेपर चौघांचा आहे. अशा मुलाने चारही विषय शेवटपर्यंत ठेवण्यात अर्थ आहे.

बायफोकलबद्दल दोन शब्द. 'कॉम्प्युटर सायन्स घेतलं की मार्क मिळतात' एवढंच लोक ऐकतात. मार्क मिळतात हे खरं आहे आणि त्याचा एक नेमका उपयोग आहे. समजा एखाद्याला फिजिक्समध्ये ४०, गणितात ३८ आणि केमिस्ट्रीत ४५ गुण आहेत. बेरीज १२३, म्हणजे ४१ टक्के. खुल्या गटातल्या या मुलाला सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, कितीही पर्सेंटाइल (किती टक्के मुलं मागे आहेत तो आकडा) मिळालं तरी इंजिनिअरिंगची पात्रताच नाही. त्याच्याकडे बायफोकल कॉम्प्युटर सायन्समध्ये २००पैकी १६० असतील आणि तिसरा विषय म्हणून ते धरले, तर ८० टक्के जमेस येतात आणि तो ५२ टक्क्यांच्या वर जातो. पण सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये केमिस्ट्री आहेच, त्यामुळे बायफोकल घेतल्याने केमिस्ट्रीचा अभ्यास सुटत नाही. त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका डाउनलोड करून पात्रतेचं पान स्वतः वाचावं. क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नये.

सीईटीची रचना विषय निवडतानाच माहीत असली पाहिजे, कारण अकरावी 'विश्रांतीचं वर्ष' समजण्याची चूक तिथेच उघडी पडते. पीसीएम ग्रुपमध्ये फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. एकूण २०० गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एक आणि गणिताचा एक अशा दोन्ही भागांना ९०-९० मिनिटं. पीसीबीत गणिताऐवजी बायोलॉजीचे १०० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २० टक्के भार अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो. म्हणजे गणितात ५०पैकी १० प्रश्न, २० गुण, अकरावीच्या पुस्तकातून येतात. नामांकित कॉलेजांत एकेका पर्सेंटाइलला शेकडो मुलं असतात, तिथे हे २० गुण सोडून देणं परवडत नाही. दोन्ही ग्रुप देता येतात, त्यांचे पर्सेंटाइल वेगळे लागतात. फार्मसीला दोन्ही चालतात, इंजिनिअरिंगला फक्त पीसीएम.

आता बोर्डाच्या गुणांकडे या. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटी किंवा जेईईवर लागते म्हणून बारावीला नुसतं पास व्हायचं, ही समजूत आयआयटी-एनआयटीच्या वाटेवर घात करते. तिथे प्रवेशाच्या वेळी बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. हे ७५ टक्के पाच विषयांवर मोजतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक. ५००पैकी ३७५. इंग्रजीकडे दुर्लक्ष केलेला मुलगा जेईईत चांगली रँक आणून इथे अडकू शकतो. नीटसाठी पीसीबीत खुल्या गटाला ३००पैकी १५०, राखीव गटांना १२० हवेत.

क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजांचं आकर्षण सध्या मोठं आहे. मूल सकाळपासून क्लासमध्ये, कॉलेज फक्त कागदावर. परिणाम असा होतो की प्रॅक्टिकलची जर्नल्स जानेवारीत एका आठवड्यात उतरवली जातात, मंडळाचं पुस्तक उघडलं जात नाही, आणि आपली सीईटी तर मंडळाच्याच पुस्तकांवर आहे. जेईई-नीटसाठी एनसीईआरटी आणि सीईटी-बोर्डासाठी बालभारती अशी दोन पुस्तकं शेजारी ठेवावी लागतात, आणि हे काम क्लास करून देत नाही. फी भरण्याआधी विचारा: बोर्डाचा अभ्यासक्रम कोण, कधी शिकवणार आणि प्रॅक्टिकल कोणत्या प्रयोगशाळेत होणार? उत्तर पटलं नाही तर पुढचं कॉलेज पाहा.

याहून गंभीर बाब परराज्यात जाणाऱ्यांची आहे. कोटा, हैदराबाद इथे अकरावी-बारावी करून तिथल्याच मंडळातून परीक्षा देणारी मुलं दरवर्षी वाढताहेत. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या आहेत, आणि त्या कोट्यासाठी महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असून भागत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागते. केंद्र-राज्य सरकारी नोकरांच्या बदल्यांसारखे काही अपवाद आहेत, सर्वसाधारण कुटुंबाला ते लागू होत नाहीत. इथला हक्क सोडून त्या मुलाला उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी सगळ्या देशाशी झुंजावं लागतं. क्लाससाठी बाहेर राहायचंच असेल तर निदान बारावीचा परीक्षा अर्ज महाराष्ट्रातल्या कॉलेजातून भरला जातोय आणि त्या कॉलेजच्या हजेरीच्या अटी पाळल्या जाताहेत, याची लेखी खातरजमा करावी.

कॉमर्सकडे वळू. इथे निवड बहुधा गणित की सेक्रेटरिअल प्रॅक्टिस अशी येते, आणि 'गणित नको म्हणूनच तर कॉमर्सला आलो' या एका वाक्यावर एसपीवर खूण होते. कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणितापेक्षा वेगळं आहे. मंडळात त्याचा विषय क्रमांकही वेगळा, ८८, सायन्स-आर्ट्सचा ४०. बारावीच्या दुसऱ्या भागातली प्रकरणं पाहा: कमिशन आणि दलाली, विमा आणि वार्षिकी, समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक, रेषीय कार्यक्रमण, नेमणुकीचे प्रश्न. यांतलं बरंचसं पुढे पदवीला आणि व्यावसायिक परीक्षांना पुन्हा भेटतं. सीएच्या पहिल्या परीक्षेच्या, म्हणजे फाउंडेशनच्या, चार पेपरांपैकी तिसरा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा, १०० गुणांचा: ४० गुण गणित, २० लॉजिकल रीझनिंग, ४० संख्याशास्त्र. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. तिसऱ्या-चौथ्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. गणित नसलेला मुलगा सीए होऊ शकत नाही असं मुळीच नाही, पण त्याला हा पेपर शून्यापासून शिकावा लागतो, तोही बारावीच्या परीक्षेनंतरच्या दोन-तीन महिन्यांत. अर्थशास्त्रात नाव काढायचं असेल तर प्रश्न अधिक टोकाचा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सला सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) गणित अनिवार्य आहे, आणि सीयूईटीचे विषय बारावीत घेतलेलेच असावेत असं ते विद्यापीठ सांगतं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी. स्टॅट या संख्याशास्त्राच्या पदवीला बारावीत गणित आणि इंग्रजी लागतं. ज्याला यांपैकी काहीच करायचं नाही, बीकॉम करून घरचा व्यवसाय पाहायचाय, त्याने खुशाल एसपी घ्यावं. त्यात कंपनीचा पत्रव्यवहार, भागभांडवल, कर्जरोखे व्यवस्थित शिकायला मिळतात.

बीबीए, बीएमएस, बीसीए यांच्याबद्दल आता एक वेगळी सूचना द्यावी लागते. २०२४पासून एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेल्या या अभ्यासक्रमांना राज्याची स्वतंत्र सीईटी आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं. पूर्वी बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळायचा, त्याच आठवणीवर बसलेल्या घरांतली मुलं अर्जाची मुदत उलटल्यावर जागी होतात.

आर्ट्सबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं, कारण तिथे निवड होतच नाही. उरलेल्यांना तिथे ढकललं जातं. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम, राज्याची सीईटी असो की राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट, कोणत्याही शाखेच्या बारावीवर खुला आहे. आयआयटीच्या बी. डिझाइनसाठीची यूसीड परीक्षा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी देऊ शकतो. ललितकलेच्या बीएफएला स्वतंत्र सीईटी आहे. स्पर्धा परीक्षांचा विचार असेल तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय दोन वर्षं पद्धतशीर शिकणं हा मोठा फायदा आहे. निवडताना इतकंच पाहावं की सहाही विषय नुसत्या पाठांतराचे नसावेत. अर्थशास्त्र किंवा तर्कशास्त्र, एखादा प्रात्यक्षिकाचा विषय आणि जमल्यास मानसशास्त्र, असा संच वाचन आणि विश्लेषण दोन्ही शिकवतो.

याच जागी त्या जुन्या सल्ल्याला उत्तर द्यायला हवं: 'सायन्स घे, नंतर कुठेही जाता येतं.' नियमाने जाता येतं हे खरं. पण चांगल्या कॉलेजांत बीए-बीकॉमचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होतो. मन नसताना सायन्स घेऊन ५२ टक्के मिळवलेल्या मुलीच्या पुढे आर्ट्सला ८५ टक्के मिळवलेली मुलगी यादीत असते, आणि दोघींना बसायचं असतं एकाच वर्गात. दोन वर्षांत गेलेला आत्मविश्वास कोणत्याही कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) परत मिळत नाही.

विषय झेपेल की नाही हे कसं ओळखायचं? दहावीचे गुण इथे फारसे उपयोगी नाहीत. दहावीला गणितात ९५ मिळालेली मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत गडबडतात, कारण दहावीचा पेपर सरावाच्या ठरावीक नमुन्यांवर सुटतो आणि अकरावीत एका उदाहरणात दोन-तीन संकल्पना एकत्र येतात. खात्रीची चाचणी एकच: परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीतले तीन आठवडे. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं मोफत आहेत. गणितातलं त्रिकोणमितीचं, फिजिक्समधलं सदिशांचं आणि बायोलॉजीतलं कोणतंही एक प्रकरण घ्यावं. क्लास न लावता वाचावं, सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करावीत, स्वाध्यायातली निम्मी तरी सोडवावीत. किती बरोबर आली यापेक्षा, अडल्यावर पुस्तक बंद करावंसं वाटलं की पुन्हा करून पाहावंसं वाटलं, याकडे पालकांनी लक्ष द्यावं. ज्या विषयात दुसरी गोष्ट घडते तो विषय घ्यावा. मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्यांनी याच सुट्टीत दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक उतरवून घ्यावं आणि आपल्या मराठी पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं. प्रकरणं तीच, आकृत्या त्याच, त्यामुळे आशय आधीच माहीत असतो आणि लक्ष फक्त परिभाषेवर राहतं. अकरावीच्या वर्गात बसल्यावर फार मोठा फरक पडतो.

पसंतीक्रमाबद्दल गैरसमज अजून जात नाहीत. वरचं कॉलेज आधी टाकलं तर खालचं हातचं जाईल ही भीती निराधार आहे. यंत्रणा तुमच्या गुणांवर तुमच्या यादीतलं शक्य तितकं वरचं कॉलेज देते, म्हणून यादी इच्छेच्या क्रमाने लावावी. धोका पहिल्या क्रमांकात आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होता. मैत्रिणीने टाकलं म्हणून पहिलं टाकलेलं, घरापासून दीड तासावरचं, हवा तो विषय नसलेलं कॉलेज असं गळ्यात पडतं. दुसरं, एकाच कॉलेजच्या अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांना वेगवेगळे सांकेतांक असतात आणि फीमध्ये मोठी तफावत असते. नाव पाहून नव्हे, सांकेतांक पाहून भरा. राज्यात एकूण जागा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आहेत. घाई करून चुकीचा विषय घेण्याचं काही कारण नाही.

दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका ही चांगली आणि दुर्लक्षित वाट आहे. किमान ३५ टक्के, प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला १० टक्के अतिरिक्त जागा व रिकाम्या राहिलेल्या जागा. ज्याचं इंजिनिअरिंग नक्की आहे आणि हाताने काम करण्यात ज्याला रस आहे, त्याला सीईटीचा फेराच नको. फक्त नीट, एनडीए अशी बारावीवर चालणारी दारं त्याला बंद होतात, हे घरात सगळ्यांना माहीत असावं.

कागदपत्रांचं काम अकरावीतच सुरू करावं. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागांसाठी जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांत नावाचं किंवा जातीच्या नोंदीचं स्पेलिंग वेगळं निघालं की त्रुटी लागते आणि महिने जातात. नॉन-क्रीमीलेयर चालू आर्थिक वर्षासाठी वैध असावं लागतं. जेईई-नीटसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांचा केंद्राचा नमुना वेगळा आहे, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएसमधल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली.

बारावीच्या वर्षातल्या तारखाही पालकांनी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, त्याचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे. यूसीड जानेवारीत. क्लॅट तर डिसेंबरमध्येच होते, बोर्डाच्या आधी. म्हणजे जी मुलं 'बोर्ड झालं की बघू' म्हणतात त्यांच्या निम्म्या परीक्षा तोवर होऊन गेलेल्या असतात.

शिक्षण विभागाला आणि मंडळाला आमच्या दोन मागण्या आहेत. पोर्टलवर प्रत्येक कॉलेजपुढे कट-ऑफच्या शेजारी तिथे प्रत्यक्ष शिकवले जाणारे विषय, विषय क्रमांक आणि गेल्या वर्षीची त्या विषयाची विद्यार्थीसंख्या दिसली पाहिजे. आणि कोणता अभ्यासक्रम बारावीचे कोणते विषय मागतो, याचा तक्ता दहावीच्या प्रवेशपत्राबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. तो एका पाठपोट पानात बसतो.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांतील काही विषयशिक्षक